कात्रीचा अर्धा फेरा

जावळ काढल्याशिवाय नातीचं डोकं नदीचा पूल ओलांडणार नाही, असं माक्सिमानं गुरुवारी सकाळी जाहीर केलं. ती अंगणात उन्हाकडे पाठ करून चुन्यो निवडत बसली होती. थंडीत गोठवून, पायांनी तुडवून वाळवलेले ते काळे बटाटे एकेक करून टोपलीत टाकताना तिचा आवाज इतका सहज होता की, नुकताच जन्मलेला हा नियम चार पिढ्यांचा वाटावा.

अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात दोनातो आयाविरी धारेच्या चाकावर बसला होता. त्याचा पाय क्षणभर थांबला आणि पुन्हा चालू लागला. चौतीस वर्षांच्या संसारात एक गोष्ट तो नीट शिकला होता. बायको बोलत असताना चाक फिरतं ठेवावं. मग आपल्याला काही ऐकूच आलं नाही असं म्हणता येतं.

नियमाचं कारण बुधवारचा फोन होता. त्यांचा एकुलता मुलगा विल्देर याला सांता क्रूसला पहारेकऱ्याची नोकरी मिळाली होती. खाली उष्ण प्रदेशातलं ते शहर, त्यांच्या चाल्यापाता गावाहून एक दिवस आणि एक रात्र दूर. तिथे उंच भिंतीआड साठ घरांची वसाहत, वसाहतीला एकच फाटक, आणि फाटकाशी पहारेकऱ्याला राहायला दोन खोल्या. अट एवढीच होती की माणूस सहकुटुंब हवा. रात्री नवऱ्यानं फाटक राखायचं, दिवसा तो झोपला की बायकोनं. मंगळवारी सकाळी तिघंही तिथे हजर झाली नाहीत, तर यादीतल्या पुढच्या माणसाला बोलावणार होते. म्हणजे रविवारी चारची गाडी पकडून ओरुरो गाठायला हवं, आणि तिथून पुढची मोठी बस.

विल्देरच्या बायकोनं, नोएमीनं, फोन ठेवायच्या आत सामान काढायला घेतलं होतं. माक्सिमानं सामानाला हात लावला नाही. तिने नातीच्या डोक्याला हात लावला. अडीच वर्षांच्या दायानाच्या केसांना जन्मापासून कात्री लागली नव्हती. आमच्याकडे तशीच रीत. जावळाचा दिवस ठरतो, पाहुणे येतात, आणि पहिली बट जो कापतो तो मुलाचा धर्मबाप होतो. त्या घडीपासून तो आणि मुलाचे आईबाप एकमेकांचे कोम्पाद्रे, बाई असेल तर कोमाद्रे. हे नातं सख्ख्यापेक्षा जड. सख्ख्या भावाशी भांडता येतं, कोम्पाद्रेशी नाही.

नोएमीनं शांतपणे सांगितलं की हरकत नाही, रविवारी दुपारी जावळ काढू आणि चारच्या गाडीनं निघू. तिने धर्मबाप म्हणून तीन नावं सुचवली. माक्सिमानं तिन्ही ऐकून घेतली. पहिला पितो, दुसरा पीत नाही त्यामुळे त्याचा भरवसा नाही, आणि तिसऱ्याचे स्वतःचेच केस गळलेत. मग तिने आपलं नाव काढलं. रोमुलोशेठ.

हे ऐकून चाकाचा आवाज खरोखरच थांबला.

रोमुलोशेठचं बाजारपेठेत किन्वाच्या पोत्यांचं गोदाम होतं. गोदामावर एक मोठं पिवळं कुत्रं होतं, ते गेल्या महिन्यात म्हातारपणानं मेलं. तेव्हापासून शेठ भेटेल त्याला सांगत होता की गोदाम उघडं पडलंय, राखायला विश्वासाचं माणूस पाहिजे, घरचंच असेल तर बरं. या सगळ्यामागचा माक्सिमाचा हिशेब गल्लीतल्या कुणालाही कळण्यासारखा होता. शेठ धर्मबाप होणार, पहिली बट कापणार आणि तिथेच, सगळ्यांसमोर, आपल्या नव्या कोम्पाद्रेला गोदामावर बोलावणार. आणि विल्देर नाही म्हणू शकणार नव्हता, कारण विल्देर कुणालाच नाही म्हणू शकत नसे. शेजाऱ्यानं दोन दिवसांसाठी नेलेली त्याची सायकल तीन वर्षांपासून शेजाऱ्याकडेच होती, आणि पंक्चर झाली की विल्देरच काढून देई.

तरीही माक्सिमानं काही बाकी ठेवलं नाही. शुक्रवारपर्यंत तिने आणखी दोन नियम आणले. पहिला हा की, जावळ झाल्यावर धर्मबाप जे पहिलं मागणं मागेल ते मोडायचं नसतं, नाहीतर पोराचे केस पुन्हा उगवत नाहीत. दुसरा हा की, मूल कधी गाव सोडून गेलंच, तर धर्मबापानं स्वतः बरोबर जाऊन त्याला नव्या उंबरठ्यावर ठेवायचं असतं. शेठ काही पोती सोडून सांता क्रूसला जाणार नव्हता, हे तिला माहीत होतं.

"हे कधीपासून?" तिच्या बहिणीनं, तोमासानं विचारलं. तोमासा दोन घरं सोडून राहत असे आणि दिवसाचे बारा तास इथेच असे.

"आपल्या आजीपासून."

"आजीला तर सगळे मिळून चार केस होते."

"म्हणूनच तिला नियम पाठ होते," माक्सिमा म्हणाली.

पण तोमासा होती बहिणीच्याच बाजूची. सांता क्रूसबद्दल दोघींचं एकमत होतं. तिथे लोक बटाट्याऐवजी केळी उकडून खातात. तिथल्या दमट हवेत चुन्यो आठवड्यात बुरसतो. तिथल्या बायका पोयेरा नेसलेली बाई दिसली की वरपासून खालपर्यंत बघतात, आणि घाघऱ्याच्या घड्या मोजतात की काय कोण जाणे. नोएमी हे सगळं ऐकत दायानाची दुपटी घडी करत होती. शेठच्या नावाला ती चटकन हो म्हणाली, त्यामुळे माक्सिमाला रात्रभर झोप लागली नाही. खरं तर नोएमीकडे दुसरा उपायच नव्हता. जावळ नाही तर मूल नाही, मूल नाही तर आई नाही, आणि आई नाही तर नोकरी नाही. तिची सगळी मदार आता नवऱ्याच्या तोंडून एक 'नाही' निघण्यावर होती.

म्हणून शनिवारी दुपारी तिने त्याला शिकवायला घेतलं.

दोनातो चाकावर बसून बघत होता. सांता क्रूसहून पाठवलेला निळा शर्ट विल्देरच्या अंगात होता, खांद्यांना दोन बोटं मोठा. त्याला अंगणाच्या दारात उभं केलं होतं. दोनच वाक्यं म्हणायची होती. आपलं नाव काय, आणि कोणाकडे जायचंय. वहीत नाव नसेल तर सोडायचं नाही. पाहुणी म्हणून तोमासाला बाहेर पाठवलं होतं. तिला हा खेळ पसंत नव्हता, पण खेळात आपण नसावं हेही तिला पसंत नव्हतं.

"आपलं नाव काय?" विल्देर म्हणाला.

"मुडद्या, तुझी नाळ कापली मी."

"ये ना मावशी," असं म्हणून विल्देर बाजूला झाला आणि तिच्या हातातली पिशवीही त्याने घेतली.

पुन्हा एकदा झालं. दुसऱ्यांदा तोमासा म्हणाली की ऊन फार आहे, आणि आत आली. तिसऱ्यांदा तिने नुसता सुस्कारा टाकला. चौथ्यांदा तिलाच या पोराची कीव आली. तिने त्याला बाहेर ढकललं आणि स्वतः दारात उभी राहिली, डोक्यावरची गोल टोपी भुवईपर्यंत ओढून. विल्देरनं आत यायला पाहिलं, तर तिने त्याला नाव विचारलं, बापाचं नाव विचारलं, पिशवीत काय आहे ते विचारलं, आणि गेल्या कार्निव्हलला तिच्या नाचाच्या चमूत का आला नाहीस हेही विचारलं. त्याने उत्तरं दिली. तिने सोडलं नाही. पाऊण तास विल्देर स्वतःच्या घराबाहेर उभा होता, आणि शेवटी तो मागच्या भिंतीवरून आत आला.

नोएमी हसली नाही. ती दोनातोच्या चाकाजवळ येऊन उकिडवी बसली आणि जमिनीकडे बघत म्हणाली, "बाबा, हा उद्या हो म्हणणार."

दोनातोनं चाक फिरवलं. काहीतरी बोलावं असं त्याला वाटलं, पण बोलण्याच्या कामात तो कधीच नेमका नव्हता. मग तिने विचारलं की तुम्हाला काय वाटतं, आम्ही जावं की राहावं. असं त्याला या घरात फारसं कुणी विचारत नसे. त्याला दायाना दिसत होती. धार लावताना उडणाऱ्या ठिणग्या बघायला ती रोज त्याच्या गुडघ्याला धरून उभी राही. ती गेल्यावर तिथे कोण उभं राहणार, हा विचार त्याने चार दिवस टाळला होता.

"कात्री आण," तो म्हणाला. "उद्यासाठी धार बघून ठेवतो."

ती घरातली मोठी काळी कात्री होती, त्याच्या बापाची. आयाविरी घराण्यातली सगळी जावळं तिने काढली होती, दोनातोचंही. त्याने ती हातात घेतली. धार उत्तम होती, त्यानेच लावलेली. तरी तो बराच वेळ ती उलटसुलट करत बसला.

चौतीस वर्षांपूर्वी त्यालाही असाच निरोप आला होता. कोचाबाम्बाच्या पिठाच्या गिरणीवर रखवालदार हवा होता, राहायला खोलीसुद्धा होती. लग्नाला चारच महिने झाले होते. माक्सिमा तेव्हा वीस वर्षांची. तिने एका रात्रीत लाल-काळ्या पट्ट्यांच्या आग्वायोत, पाठीवर बांधायच्या त्या कापडात, सगळा संसार बांधला, पाठीवर घेऊन बघितला, सोडला, पुन्हा बांधला. गाडीत खिडकीची जागा मिळावी म्हणून ती पहाटेच निघायचं म्हणत होती. आणि त्याच सकाळी दोनातोच्या आईनं डोक्याला ओला फडका बांधून अंथरूण धरलं. मरणाऱ्या आईचं शेवटचं मागणं म्हणून तिने मुलाला जाऊ नको सांगितलं. नंतर ती अठरा वर्षं जगली आणि त्यातली बहुतेक उत्तम तब्येतीत. माक्सिमानं त्या दिवशी गाठोडं सोडलं, एकेक वस्तू जागच्या जागी ठेवली आणि त्याविषयी पुन्हा कधी शब्द काढला नाही. आग्वायो मात्र तिने दुसऱ्या कशासाठी वापरला नाही. तो पेटीच्या तळाशी होता. दोनातोला ठाऊक होतं, कारण वर्षातून एकदा ती त्यात ताजी डांबरगोळी ठेवत असे.

त्याने नाकावरचा चष्मा वर सरकवला, लहान पेचकस घेतला आणि कात्रीचा मधला स्क्रू अर्धा फेरा सैल केला. मग टोपलीतून लोकरीचा एक झुबका घेतला. कात्री उजव्या हातात धरून दाबली. झुबका तुटला. मग तीच कात्री त्याने डाव्या हातात धरून दाबली. पाती एकमेकांपासून फाकली, लोकर मध्ये दुमडली आणि तशीच राहिली.

रोमुलोशेठ डावखुरा होता. हे गावात फार जणांच्या लक्षात नसेल, पण दर पंधरा दिवसांनी त्याची पोती फाडायची सुरी दोनातोकडे येई आणि ती नेहमी उलट्या बाजूनं झिजलेली असे.

एवढं झालं. पुढचं काम त्याचं नव्हतं, बायकोचं होतं, आणि त्याच भरवशावर तो होता. दुसऱ्याच्या हातून काम वेडंवाकडं होताना माक्सिमाला बघवत नसे. सुनेच्या हातची केरसुणी, नवऱ्याच्या हातचं फावडं, तोमासाच्या हातचं सोलणं, सगळं ती ओढून घेई. चर्चच्या आवाराची भिंत बांधली तेव्हा गवंड्याच्या हातातली थापी घेऊन तिने दोन विटा स्वतः बसवल्या होत्या, आणि त्या दोनच अजून सरळ आहेत. तरीही कात्री फडक्यात गुंडाळताना दोनातोला धीर नव्हता. उभ्या आयुष्यात त्याने कुणाविरुद्ध कट केला नव्हता. पहिलाच करायचा तर निदान सोप्या माणसाविरुद्ध करायला हवा होता, असं त्याला वाटत राहिलं.

रविवारी दुपारी एकला अंगणात वीसेक माणसं जमली. लामाचं मटण शिजत होतं, चिचाच्या, म्हणजे मक्याच्या दारूच्या, बादलीत भोपळ्याची वाटी तरंगत होती. दायानाच्या केसांच्या बारीक बटा करून प्रत्येकीला रंगीत फीत बांधली होती, आणि ती मधोमध रंगीबेरंगी चादरीवर बसून पाव खात होती. शेजारी ताटली. रोमुलोशेठ दीड वाजता आला. येताना त्याने मोठी बाहुली आणली होती, पण बाहुली देताना तो बघत होता विल्देरच्या खांद्यांकडे, नव्या पोत्याचं वजन अंदाजावं तसा.

माक्सिमा नव्या पोयेऱ्यात होती. तिने शेठला मानाच्या जागी बसवलं, सगळ्यांना शांत केलं आणि पुन्हा एकवार आजचे तीन नियम ऐकवले, म्हणजे नंतर कुणी माहीत नव्हतं म्हणायला नको. पहिली बट ज्याच्या हातची, धर्मबाप तो. त्याचं पहिलं मागणं मोडायचं नाही. मूल गाव सोडणार असेल तर नव्या उंबरठ्यापर्यंत तो बरोबर. नोएमी नवऱ्याशेजारी उभी होती आणि त्याच्या शर्टाची बाही तिने मागून घट्ट धरली होती. दोनातो सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून. 

शेठनं कात्री घेतली. डाव्या हातात. कानाजवळची लाल फितीची बट धरली, कात्री दाबली. बट दुमडली. त्याने पुन्हा दाबली. दायानानं पाव खायचं थांबवून त्याच्याकडे बघितलं.

"केस चिवट आहेत," शेठ म्हणाला.

"कात्री सरळ धरा शेठ," माक्सिमा म्हणाली.

त्याने सरळ धरली. बट पात्यांमध्ये चघळली गेली. मुलीनं तोंड वाकडं केलं. मागून कुणीतरी म्हणालं की धारवाल्याच्या घरात कात्री बोथट, आणि दोन-तीन माणसं हसली. दोनातोनं जमिनीकडे पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या धारेला नावं ठेवली जात होती आणि त्याला ती गोड लागत होती.

"बोथट नाही ती," माक्सिमा म्हणाली. "कालच लावलीये यांनी. तुम्ही मनगट आवळताय शेठ. मोकळं सोडा. अंगठा असा नाही."

"मी चाळीस वर्षं पोती फाडतोय, बाई."

"पोरगी पोतं नाही."

शेठनं ओठ आवळून तिसऱ्यांदा जोर लावला. दायाना रडली.

पुढचं इतकं चटकन झालं की नंतर प्रत्येकानं ते वेगळं सांगितलं. माक्सिमा पुढे झाली, शेठच्या हातातून कात्री घेतली आणि क्षणभर ती उजव्या हातात तोलून धरली. "आणा इकडे. अशी धरायची," ती म्हणाली. करकर असा छोटासा आवाज झाला, आणि लाल फितीसकट बट तिच्या डाव्या हातात होती.

दायाना रडायची थांबली. 

पहिली बोलली तोमासा. तिचा आवाज अगदी गोड होता. "माक्सिमा, अभिनंदन हं. धर्ममाय झालीस."

माक्सिमानं हातातल्या बटेकडे बघितलं. ती म्हणाली की हे दाखवण्यापुरतं होतं, हे धरायचं नाही. तोमासानं विचारलं, मग आता ती परत चिकटवणार आहेस का. माक्सिमा म्हणाली की सख्खी आजी कुठे धर्ममाय होत असते. तोमासा म्हणाली की आजी होऊ नये असा चौथा नियम तिने कालपर्यंत सांगायला हवा होता, तीनवरच का थांबली. काल संध्याकाळपर्यंत तोमासा बहिणीच्या बाजूची होती. पण गंमत कुठल्या बाजूला आहे ते बघून बाजू घ्यायची तिची जुनी सवय होती. पाहुण्यांनाही शेठपेक्षा हे जास्त आवडलं. एकानं चिचाची वाटी भरून माक्सिमाच्या हातात दिली, आणि ती प्यायल्याशिवाय सुटका नव्हती.

"म्हणजे आई आणि नोएमी आता कोमाद्रे?" विल्देरनं विचारलं. त्याला गोष्टी सावकाश कळत, पण पूर्ण कळत.

सासूनं सुनेकडे पाहिलं आणि सुनेनं सासूकडे. आता एकमेकींना टाकून बोलायचं नाही, आवाज चढवायचा नाही, समोरासमोर आल्या की आधी मान झुकवायची. सहा वर्षांत दोघींनी मिळून जी एक गोष्ट मन लावून केली होती, ती आजपासून बंद.

भिंतीशी दोनातोनं मोकळा श्वास सोडला. तेवढ्यात माक्सिमा वाटी खाली ठेवून म्हणाली, "बरं. नियम तो नियम. मग पहिलं मागणंही माझंच."

 याचा दोनातोनं विचारच केला नव्हता. शेठचं मागणं टाळायच्या नादात त्याने ते मागणं उचलून थेट बायकोच्या हातात दिलं होतं. शेठनं विल्देरला गोदामावर बोलावलं असतं. ही नुसती 'राहा' म्हणेल. आणि ते मोडता येणार नाही, तिने स्वतःच वीस माणसांसमोर सांगितलंय. नोएमीनं नवऱ्याची बाही आणखी आवळली. विल्देरचे ओठ आत्ताच हो म्हणायच्या आकारात आले होते.

माक्सिमाला घाई नव्हती. तिने पोयेऱ्याच्या घड्या सारख्या केल्या, नातीच्या तोंडावरचे पावाचे कण पुसले.

दोनातो घरात गेला. त्याने ठरवून असं काही केलं नाही. पाय गेले. पेटी उघडून त्याने तळाशी हात घातला, आग्वायो काढला, तो घेऊन बाहेर आला आणि सगळ्यांसमोर बायकोच्या हातात दिला. डांबरगोळीचा वास अंगणभर पसरला.  तो एवढंच म्हणाला, "कोचाबाम्बाला न्यायचा होता, तो."

कुणाला काही कळलं नाही. चौतीस वर्षांपूर्वीची ती सकाळ त्या अंगणात फक्त दोघांना माहीत होती. माक्सिमानं कापडावरून हात फिरवला. मग तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याला चाकावर जाऊन बसावंसं वाटलं.

"माझं मागणं असं आहे," ती म्हणाली. "गाडीत खिडकीची जागा मला पाहिजे."

नोएमीला ते कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा ती तिथल्या तिथे खाली बसली.

"आठ दिवस," माक्सिमानं बजावलं. "धर्ममायनं पोरीला उंबरठ्यावर ठेवायचं असतं म्हणून. नियम नसता तर मी त्या केळीखाऊंच्या गावात पाय ठेवला नसता. कोमाद्रे, ती दुपटी अशी घडी करतात का? आणा इकडे." आणि मग आठवण होऊन तिने मान झुकवली.

रोमुलोशेठ अजून मानाच्या जागीच बसला होता. आपलं नेमकं काय हुकलं ते त्याला नीट समजलं नव्हतं, पण काहीतरी हुकलं होतं. मग माझ्या गोदामाचं काय, असं त्याने हवेत विचारलं. तोमासा त्याच वेळी दारात उभी राहून, जेवायला उशिरा आलेल्या एका पाहुण्याला तो कुणाकडून आलाय आणि रिकाम्या हातानं का आलाय ते विचारत होती. पाहुणा घामाघूम झाला होता. शेठ बराच वेळ ते बघत राहिला. मग त्याने चिचाची वाटी भरली आणि उठून दाराकडे गेला.

चारची गाडी साडेचारला आली. टपावर गाद्या, एक शेगडी, चुन्योचं पोतं चढलं. हे पोतं नको म्हणून नोएमीनं तीन वेळा सांगितलं होतं, पण कोमाद्रेशी वाद घालता येत नाही, हे आता तिलाही लागू होतं. बाकीच्या बटा पाहुण्यांनी भराभर कापल्या होत्या. दायानाचं डोकं उंचसखल दिसत होतं आणि ती ते सारखं चाचपून बघत होती.

विल्देर निळा शर्ट घालून गाडीच्या दाराशी उभा होता. माक्सिमा पाठीवर लाल-काळा आग्वायो बांधून आली. तो सरळ बांधलेला होता, दोनदा सोडून पुन्हा बांधलेला. ती पायरीवर चढणार, तेवढ्यात विल्देरनं हात आडवा केला.

"आपलं नाव काय?" तो म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते, पण हात खाली आला नाही. "आणि कोणाकडे जायचंय?"

माक्सिमानं त्याच्याकडे वर पाहिलं. दोनातोला वाटलं, आता हिचा हात उठणार.

"माक्सिमा कोल्के," ती माहेरच्या आडनावासकट म्हणाली. "माझ्या कोमाद्रेकडे."

"विचारावं लागेल," विल्देर म्हणाला, आणि त्याने आत तोंड करून नोएमीला विचारलं. आतून उत्तर यायला जरा वेळ लागला. जितका लागायला हवा त्यापेक्षा थोडा जास्तच लागला. मग नोएमी म्हणाली की सोडा त्यांना, आपल्याच आहेत.

दोनातो खाली धुळीत उभा होता. मेंढ्या, चाक आणि आठ दिवसांचा स्वयंपाक त्याच्यावर टाकलेला होता. गाडी सुरू झाली तशी खिडकीची काच सरकली आणि माक्सिमानं टोपी सांभाळत डोकं बाहेर काढलं. मेंढ्यांचं सांगेल, असं त्याला वाटलं.

"अहो," ती हळूच म्हणाली, फक्त त्याला ऐकू जाईल इतकं. "कात्रीचा स्क्रू आवळून ठेवा. अर्धा फेरा सैल आहे."

दोनातो गाडीबरोबर दोन पावलं चालला. "कधी कळलं तुला?"

"हातात घेतल्या घेतल्या. चौतीस वर्षं तुमच्या कात्र्या वापरतेय."

"मग कापलंस कशाला?"

पण गाडी पुढे निघाली होती. माक्सिमानं काच लावून घेतली, नातीला मांडीवर ओढलं आणि बोटानं तिला बाहेरचं काहीतरी दाखवलं. गाडी पुलावर चढेपर्यंत तो तिथेच उभा होता. मग घरी जाऊन त्याने पेचकस शोधला.